चार खणांचा कवी

कवाफीच्या कवितांचे पुस्तक त्याच्या हयातीत दुकानात विकायला कधीच आले नाही. विसाव्या शतकातल्या थोर कवींत आज ज्याची गणना होते, तो अलेक्झांड्रियातला हा ग्रीक कवी आपल्या कविता एकेक करून सुट्या पानांवर छापून घेत असे. ती पाने घरी जपून ठेवी आणि वाचायला लायक वाटलेल्या माणसाला त्यांचा टाचलेला गठ्ठा भेट देई. कविता छापून झाली म्हणजे संपली, असे त्याच्या लेखी नव्हते. एखादा शब्द खटकला तर गठ्ठा हातावेगळा करण्याआधी तो छापील पानावर शाईने दुरुस्ती करी. बदल मोठा असला तर जुने पान काढून नवे घाली. कोणाला कोणता गठ्ठा दिला याच्या याद्याही तो ठेवत असे. त्यामुळे दोन मित्रांकडे असलेले त्याचे दोन ‘संग्रह’ तंतोतंत सारखे असतीलच असे नव्हते.

२९ एप्रिल १८६३ रोजी जन्मलेला कॉन्स्टंटाइन कवाफी २९ एप्रिल १९३३ रोजी, सत्तराव्या वाढदिवशीच, घशाच्या कर्करोगाने गेला. मागे राहिली ती रू लेप्सियस या रस्त्यावरच्या घरातली कागदपत्रे: छापलेली पाने, हस्तलिखिते, टिपणे, याद्या, पत्रे, अर्धवट कवितांची पाकिटे. अशा माणसाची ‘समग्र कविता’ कशी तयार करायची? त्यात काय घ्यायचे, कोणत्या क्रमाने, कोणत्या पाठासह? आणि त्याने स्वतः बाहेर येऊ न दिलेल्या कवितांचे काय करायचे? या प्रश्नांना आज जी उत्तरे आपण गृहीत धरतो, ती बव्हंशी एका माणसाने शोधून काढलेली आहेत. त्याचे नाव योर्गोस सावीदिस (१९२९–१९९५). आधुनिक ग्रीक साहित्याचा हा अभ्यासक ग्रीसबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. कवाफीचे इंग्रजी पुस्तक ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनीही संपादक म्हणून छापलेले त्याचे नाव वाचून पान उलटले असण्याची शक्यता अधिक.

संपादकाच्या कामाचे स्वरूपच असे आहे की ते नीट झाले तर दिसत नाही. म्हणून त्याचा वारसा सांगायचा तर त्याने लिहिलेल्या पुस्तकांपेक्षा त्याने घेतलेले निर्णय सांगावे लागतात.

ग्रीकांना हा प्रश्न नवा नव्हता. त्यांचा राष्ट्रकवी दिओनिसिओस सोलोमोस १८५७ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या महत्त्वाच्या रचना खंडित अवस्थेत होत्या. एकाच ओळीची अनेक रूपे, मध्येच इटालियनमध्ये लिहिलेली टिपणे, पूर्णत्वाला न गेलेले आराखडे असा तो पसारा होता. त्याचा शिष्य याकोवोस पोलिलास याने १८५९ मध्ये त्यातून वाचनीय पुस्तक उभे केले. पोलिलासने निवड केली, तुकडे जुळवले, क्रम लावला. पिढ्यान्‌पिढ्या ग्रीकांनी जो सोलोमोस वाचला तो या निवडीतून आलेला सोलोमोस होता. पुढे शंभरेक वर्षांनी, १९६४ मध्ये, थेसालोनिकी विद्यापीठातले प्राध्यापक लिनोस पोलितिस यांनी सोलोमोसच्या हस्तलिखितांची छायाचित्रे त्यांच्या अक्षरशः नकलेसह प्रसिद्ध केली, तेव्हा कवीच्या कागदावर प्रत्यक्षात काय आहे हे वाचकांना पाहता आले. एकाने कवीच्या वतीने पुस्तक पूर्ण केले, दुसऱ्याने कवीचा अपूर्णपणा जसाच्या तसा समोर ठेवला. संपादनाचे हे दोन टोकांचे धर्म झाले. सावीदिस यांनी आपला प्रबंध याच थेसालोनिकी विद्यापीठात लिहिला आणि पुढे तिथेच आधुनिक ग्रीक साहित्य शिकवले.

त्याआधी त्यांचे शिक्षण केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात झाले होते. कवाफीच्या कथेत या कॉलेजाला एक जागा आहे, कारण युद्धोत्तर काळात तिथे ई. एम. फोर्स्टर राहत होते. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसच्या कामासाठी अलेक्झांड्रियात गेलेल्या फोर्स्टर यांची कवाफीशी ओळख झाली होती. इंग्रजी वाचकांना कवाफीचे नाव पहिल्यांदा कळले ते त्यांच्यामुळे. ‘फॅरोस अँड फॅरिलॉन’ या त्यांच्या पुस्तकात कवाफीवरचा लेख आहे. हे पुस्तक १९२३ चे. त्याच्या दोनच वर्षे आधी फोर्स्टर देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून माळव्यातल्या त्या मराठा संस्थानात नोकरी करत होते. अलेक्झांड्रियाचा ग्रीक कवी आणि देवासचा मराठी दरबार एकाच लेखकाच्या आयुष्यात इतक्या जवळ यावेत, हा योगायोग आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. दोन्ही ठिकाणी इंग्रजी सत्तेच्या छायेत वेगळ्याच काळाचे भान जपणारी माणसे फोर्स्टर यांना भेटली.

कवाफीच्या मृत्यूनंतर त्याची कागदपत्रे वारसदार अलेकोस सिंगोपुलोस यांच्याकडे गेली. त्यांची पत्नी रिका हिने १९३५ मध्ये अलेक्झांड्रियातूनच कवितांची पहिली एकत्रित आवृत्ती काढली. त्या पुस्तकाने कवाफीला वाचवले यात शंका नाही. त्यानंतर वाद पेटले ते अर्थाचे. तिमोस मालानोस यांनी कवीच्या समलिंगी ओढीत त्याच्या कवितेची किल्ली शोधली. सेफेरिस यांनी १९४६ मध्ये अथेन्समध्ये दिलेल्या व्याख्यानात कवाफी आणि एलियट यांना शेजारी बसवले. कादंबरीकार स्त्रातिस त्सिर्कास यांनी १९५८ च्या ग्रंथात कवाफीला अलेक्झांड्रियातल्या व्यापारी ग्रीक समाजाच्या आणि इंग्रजी अमलाच्या इतिहासात उभे केले. प्रत्येकाचा कवाफी वेगळा होता. पण ज्या पाठावर हे सगळे बोलत होते, तो पाठ स्वतः कसा घडला याचा हिशेब नीट कोणी मांडला नव्हता.

१९६३ हे कवाफीचे जन्मशताब्दी वर्ष. त्याच वर्षी सेफेरिस यांना नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी अथेन्सच्या इकारोस प्रकाशनाने सावीदिस यांनी संपादित केलेल्या कवाफीच्या कविता दोन खंडांत काढल्या. आज ज्याला कवाफीचा ‘मान्य संग्रह’ म्हणतात, त्या १५४ कविता आपल्या हाती आहेत त्या रूपात इथे स्थिरावल्या. संपादकाने स्वतःच्या आवडीला यात कुठेच वाव ठेवला नाही. कवाफीने शेवटच्या काळात काही कविता विषयांच्या नात्याने एकापुढे एक लावून पुस्तिकांत शिवल्या होत्या, तर त्यांनंतरच्या कविता तो प्रसिद्धीच्या क्रमानेच देत होता. सावीदिस यांनी हा भेद तसाच ठेवला. पहिल्या खंडात कवीने लावलेला विषयक्रम आणि दुसऱ्यात कालक्रम, अशी काहीशी विसंगत रचना त्यांनी पत्करली, कारण ती विसंगती कवीची होती. सगळ्या कविता एकाच सरळ रेषेत लावणे त्यांना सहज शक्य होते. वाचकाला ते सोयीचेही वाटले असते.

भाषेबाबतही हाच संयम. ग्रीसमध्ये त्या वेळी, आणि पुढे १९७६ पर्यंत, राज्यकारभाराची भाषा होती ‘काथारेवुसा’, म्हणजे प्राचीन ग्रीकच्या वळणावर घडवलेली शुद्ध भाषा. साहित्यात मात्र बोलीभाषेने, ‘दिमोतिकी’ने, केव्हाच जागा मिळवली होती. कवाफी या दोहोंत सरमिसळ करतो. वर त्याच्या घराण्याच्या कॉन्स्टँटिनोपलच्या बोलीचे काही लकबी शब्द. दोन्ही बाजूंच्या भाषाभिमान्यांना तो अशुद्ध वाटे. एखाद्या उत्साही संपादकाने त्याची भाषा इकडे किंवा तिकडे ‘सुधारली’ असती, तर कवितेतला उपरोधच गेला असता, कारण कोणता शब्द कोणत्या थरातून उचलला आहे यावरच तो उपरोध उभा असतो. दरबारी शब्दाशेजारी बाजारातला शब्द ठेवून कवाफी राजाची उंची मोजतो.

संग्रहामागचे संशोधन सावीदिस यांनी १९६६ च्या प्रबंधात मांडले. कवाफीने १८९१ ते १९३२ या काळात आपल्या कविता कोणकोणत्या मार्गांनी प्रसिद्ध केल्या, याचा हा अभ्यास आहे. वाचायला तो एखाद्या कोर्टातल्या तपासासारखा आहे. कोणती कविता सुट्या पानावर कधी छापली, १९०४ च्या चौदा कवितांच्या पुस्तिकेत काय होते, १९१० च्या एकवीस कवितांच्या पुस्तिकेत काय आले, टाचलेल्या गठ्ठ्यांत पुढे कशी भर पडत गेली, कवीच्या याद्यांत कोणाची नावे आहेत, या सगळ्याचा त्यांनी छडा लावला. या वरवर रुक्ष दिसणाऱ्या कामातून कवाफीविषयीची एक समजूत कोसळली. तो लाजरा, संकोची, प्रसिद्धीला घाबरणारा गृहस्थ होता, असे मानण्याकडे कल होता. प्रबंधातून दिसतो तो अतिशय धूर्त आणि चिकाटीचा प्रकाशक. त्याला प्रसिद्धी हवी होती, पण स्वतःच्या अटींवर. कविता छापली गेली तरी तिच्यावरचा ताबा सुटू नये, अशी व्यवस्था त्याने चाळीस वर्षे चालवली. इंग्रजांच्या देखरेखीखालच्या पाटबंधारे खात्यात तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाची शिस्त त्याच्या कवितेच्या दप्तरातही होती, असे म्हणायला हरकत नाही.

या तपासातून सावीदिस यांच्या लक्षात आले की कवाफीने आपल्या कवितांची वर्गवारी स्वतःच केलेली आहे. काही कविता त्याने शेवटपर्यंत आपल्या म्हणून मिरवल्या. काही तरुणपणी नियतकालिकांत छापल्या आणि पुढे टाकून दिल्या. काही लिहून पूर्ण केल्या, तारीख घातली, नीट ठेवल्या, पण छापायला दिल्या नाहीत. आणि काही मसुद्यांतच राहिल्या. संपादकाने हे चार खण उघडायचे की नाहीत, आणि उघडायचे तर त्यातला ऐवज एकमेकांत मिसळू द्यायचा का, हा पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न होता.

१९६८ मध्ये सावीदिस यांनी तिसरा खण उघडला. ‘अप्रकाशित कविता’ या नावाने आलेल्या त्या पुस्तकात १८८२ ते १९२३ या काळातल्या ७५ कविता होत्या. कवीने ज्या बाहेर येऊ दिल्या नाहीत, त्या त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी बाहेर आल्या. हे योग्य झाले का?

विरोधाचा मुद्दा साधा आणि वजनदार आहे. ज्या कवीने स्वल्पविरामापर्यंत स्वतःच्या प्रसिद्धीवर नियंत्रण ठेवले, त्याने चाळीस वर्षे ज्या कविता दाबून ठेवल्या, त्या छापणे म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या निर्णयावर बोळा फिरवणे. त्यात कवीच्या खाजगी जीवनाशी थेट जोडल्या जातील अशा प्रेमकविता होत्या, महिना आणि वर्ष एवढेच शीर्षक असलेल्या कविता होत्या. त्या छापल्या की वाचक कवितेऐवजी कवीची रोजनिशी वाचू लागणार, ही भीती खोटी नव्हती.

बाजूचा मुद्दा कवीच्याच कागदांत आहे. कवाफीने त्या कविता फाडल्या नाहीत. त्याला ते सहज शक्य होते. काही कवितांवर तर त्याने छापायची नाही, पण इथे राहू द्यायला हरकत नाही, अशा आशयाची टीप लिहून ठेवली आहे. ही टीप विचित्र आहे. ‘इथे’ म्हणजे कुठे? दप्तरात. पण दप्तर आपल्यानंतर कोणाच्या तरी हाती पडणार, हे दप्तर ठेवणाऱ्याला ठाऊक असतेच. ज्याला काही कायमचे पुसायचे असते तो टीप लिहीत नाही, काडी लावतो. आपल्या काळातल्या वाचकाला नकार आणि पुढच्या काळातल्या वाचकासाठी उघडे ठेवलेले दार, असा त्या टिपेचा अर्थ घेता येतो. मला तो पटतो.

सावीदिस यांनी दार उघडले, पण भिंत पाडली नाही. ७५ कविता त्यांनी १५४ कवितांत मिसळल्या नाहीत. वेगळे पुस्तक, वेगळे नाव, प्रत्येक कवितेच्या मागे टिपा आणि तारखा. कवीने ‘हो’ म्हटलेल्या कवितेत आणि ‘अजून नाही’ म्हटलेल्या कवितेत फरक आहे, हे वाचकाने पान उलटताना विसरू नये, अशी ही रचना होती.

त्या खणातून काय निघाले हे भारतीय वाचकाने मुद्दाम पाहावे. दोन कवितांचा उल्लेख करतो.

पहिली १९०८ ची. शीर्षक म्हणजे फक्त एक तारीख आणि वेळ: २७ जून १९०६, दुपारचे दोन. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या देन्शवाई गावात जून १९०६ मध्ये इंग्रज अधिकारी कबुतरांच्या शिकारीला गेले, गावकऱ्यांशी झटापट झाली, पुढे एक अधिकारी मेला. त्यावर विशेष न्यायालय बसवून चार गावकऱ्यांना फाशी दिली गेली, आणखी कित्येकांना फटके आणि कैद. या शिक्षेने इजिप्तमध्ये आणि इंग्लंडमध्येही संताप उसळला आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड क्रोमर यांनी पद सोडले. कवाफीची कविता न्यायालयाबद्दल काही बोलत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला फासावर नेत असताना त्याच्या आईने केलेला आकांत, एवढेच तिच्यात आहे. हा कवी त्या वेळी इंग्रजांच्या देखरेखीखालच्या खात्यात कारकून होता. राजे, सम्राट आणि पडझडीला आलेली साम्राज्ये यांविषयी लिहिणारा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आडोशाने बोलणारा कवाफी एवढाच आपल्याला ठाऊक असता, जर हा खण बंद राहिला असता. त्सिर्कास यांनी ‘राजकीय कवाफी’ या नावाने १९७१ मध्ये पुन्हा पुस्तक लिहिले, तेव्हा या नव्या कविता वाचकांसमोर होत्या.

दुसरी कविता १९२० ची, ‘नाणी’. विषय आहे भारतीय लेख असलेली ग्रीक राजांची नाणी. भारताच्या वायव्येस राज्य केलेल्या यवन राजांची नाणी दुभाषी असत, हे आपण शाळेपासून ऐकतो. मिनँडरच्या, म्हणजे पाली परंपरेतल्या मिलिंद राजाच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीकमध्ये ‘बासिलेओस सोतिरोस मेनांद्रू’ आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत, प्राकृतात, ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असते. महाराजाचे, त्रात्याचे, मेनंद्राचे. मराठी वाचकाला यासाठी कोशही लागत नाही. अशाच द्विभाषी नाण्यांच्या आधारे जेम्स प्रिन्सेप आणि त्यांचे समकालीन यांनी एकोणिसाव्या शतकात खरोष्ठीची अक्षरे ओळखली. कवाफीच्या कवितेत ही राजांची नावे आधी परकी, तोंडात न बसणारी होऊन येतात. त्यांच्या शेवटी ‘झा’सारखा काही उच्चार चिकटलेला दिसतो. ती बहुधा प्राकृतातल्या षष्ठीच्या ‘स’चीच सावली आहे. मग नाणे उलटले जाते, ग्रीक अक्षरे आणि राजाचा चेहरा दिसतो, आणि ग्रीक वाचणाऱ्याला एकदम आपली माणसे भेटल्यासारखा हुंदका येतो.

कवितेतला ग्रीक ज्या बाजूपाशी अडखळतो आणि जिच्यापासून तोंड फिरवतो, ती बाजू आपली आहे. आपण ही कविता उलट्या दिशेने वाचतो. दूरच्या प्रदेशात विरघळून गेलेल्या ग्रीकपणाचे दुःख कवाफीने अनेकदा लिहिले, पण ज्यांच्यात तो विरघळला त्या लोकांच्या हातात ही कविता पडेल, याची त्याला कल्पना असणे कठीण. कवाफी आपल्याशी थेट बोलतो अशी ही एक जागा आहे, आणि ती त्याने झाकून ठेवलेल्या खणातली आहे. १९६८ चे पुस्तक निघाले नसते, तर हे संभाषण सुरूच झाले नसते.

उरलेले दोन खण सावीदिस यांनी घाई न करता उघडले. तरुणपणी छापून नंतर नाकारलेल्या कविता १९८३ मध्ये ‘त्यागलेल्या’ या अर्थाच्या शीर्षकाखाली आल्या. १९९३ मध्ये त्यांनी ‘अप्रकाशित’ या संग्रहाचे नाव बदलून ‘लपवलेल्या’ असे केले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. पण पंचवीस वर्षे छापील असलेल्या कवितांना ‘अप्रकाशित’ म्हणणे आता चुकीचे होते, आणि नवे नाव कवीकडूनच घेतलेले होते: ‘लपवलेले’ या शीर्षकाची १९०८ ची कविता त्याच संग्रहात आहे. ‘अप्रकाशित’ ही प्रकाशकाची संज्ञा झाली. ‘लपवलेल्या’ म्हटले की कृती कोणाची ते कळते.

चौथा खण, म्हणजे अपूर्ण कवितांचे मसुदे, सर्वांत अवघड. खाडाखोड, पर्यायी ओळी, पाकिटांवरची टिपणे. हे काम त्यांनी स्वतः केले नाही. इटलीतल्या विदुषी रेनाता लावान्यिनी यांच्याकडे ते सोपवले, आणि त्यांनी तीस अपूर्ण कवितांचे पाठ अनेक वर्षांच्या कष्टाने वाचून १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. कवाफीच्या मृत्यूला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती. त्यात शेवटचा पाठ म्हणून एक रूप दिलेले आहे, पण त्यापर्यंत पोचणारे सगळे टप्पेही दाखवले आहेत. पोलिलास आणि पोलितिस यांच्या दोन टोकांच्या धर्मांची इथे तडजोड झाली, असे वाटते. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, सावीदिस गेले.

कवाफीपुरतेच हे काम नव्हते. सिकेलिआनोस यांचा ‘लिरिकोस विओस’, आत्महत्या केलेल्या कारिओताकिस यांची उपलब्ध सर्व रचना, सेफेरिस यांच्या कविता आणि त्यांच्या मृत्यूनंतर आलेली वही, ही आधुनिक ग्रीक कवितेतली कळीची पुस्तके त्यांच्या संपादनाखाली निघाली. ‘छोटे कवाफीविषयक लेख’ अशा विनम्र नावाने त्यांचे दोन खंड आहेत. १९७७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सेफेरिस यांच्या नावाने अध्यासन सुरू झाले, त्याचे ते पहिले प्राध्यापक. आणि एडमंड कीली व फिलिप शेरर्ड यांचे १९७५ चे इंग्रजी भाषांतर, ज्यातून जगभरच्या कवींनी कवाफी वाचला, त्याचे संपादन त्यांचेच. भारतातल्या आपल्यासारख्या वाचकांपर्यंत कवाफी इंग्रजीच्या पुलावरून आला. त्या पुलाचा एक खांब त्यांचा आहे.

या वारशाची दुसरी बाजूही बोलायला हवी. साठचे दशक संपताना कवाफीचे दप्तर सिंगोपुलोस कुटुंबाकडून सावीदिस यांच्या हाती आले. त्यामुळे ते विखुरले नाही, लिलावात पानपान होऊन विकले गेले नाही, हे खरे. पण कवीचा संपादकच त्याच्या कागदांचा मालक झाला. काय आधी छापायचे, कोणाला काय पाहू द्यायचे, कोणते काम कोणाला द्यायचे, हे ठरवणारा आणि त्या ठरवण्याचा परीक्षक एकच माणूस होता. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका न घेताही ही व्यवस्था सदोष होती असे म्हणता येते. पाठ तपासायचा तर मूळ कागद पाहावा लागतो. तो कागद एका घरात असेल, तर इतर अभ्यासकांना विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि विद्वत्तेचा कारभार विश्वासावर चालू नये. आपल्याकडेही वाड्यातल्या पेटीत असलेल्या हस्तलिखितांच्या गोष्टी अभ्यासकांना पाठ असतात. पेटी राखणाऱ्याने ती वाचवलेली असते आणि अडवलेलीही असते.

२०१२ मध्ये हे दप्तर ओनासिस प्रतिष्ठानाने घेतले आणि २०१९ मध्ये त्यातले दोन हजारांहून अधिक नग चित्रांच्या रूपात सर्वांसाठी खुले केले. आता भुवनेश्वरची विद्यार्थिनी किंवा कोल्हापूरचा कवी घरबसल्या कवाफीच्या हस्ताक्षरातली खाडाखोड पाहू शकतो. सावीदिस यांच्या प्रत्येक निर्णयाची फेरतपासणी करता येते. तशी ती होत राहील, आणि काही निर्णय बदलतीलही. संपादकाच्या कामाचे याहून चांगले नशीब नसते.

पण कागद सगळ्यांसमोर आल्यावर एक नवा धोका तयार होतो, आणि तिथे सावीदिस यांच्या शिस्तीची खरी गरज आहे. पडद्यावर सगळी पाने सारखीच दिसतात. कवीने पाच वेळा तपासून छापलेले पान, नाकारलेले पान, झाकलेले पान आणि अर्धे लिहून सोडलेले पान, सगळी एकाच बोटाच्या स्पर्शाने सरकतात. त्यातून भाषांतरासाठी निवड करणारा आपल्या आवडीप्रमाणे उचलतो. इंग्रजीतून मराठी, कन्नड, बंगालीत येताना वर्गवारीचा तो चिमूटभर तपशील, शीर्षकाखालची एक ओळ, सहज गळून पडू शकतो. मग ‘नाणी’ आणि ‘इथाका’ एकाच रांगेत बसतात आणि कवीने त्यांच्यात ठेवलेले अंतर पुसले जाते. देन्शवाईची कविता कवाफीने जाहीरपणे म्हटली, असा गैरसमज होतो. त्याने ती लिहिली आणि गिळली, हे त्या कवितेइतकेच महत्त्वाचे आहे. एका वसाहतीतल्या कारकुनाने काय लिहिले आणि काय छापले, यांतली फट हा त्या काळाचा इतिहासच आहे, आणि वसाहतीच्या कचेऱ्यांतून लिहिणाऱ्या अनेकांचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला तो समजायला जड जाऊ नये.

म्हणून भारतीय भाषांत कवाफी आणणाऱ्याने फार काही करायला नको. प्रत्येक कवितेखाली लिहिल्याचे आणि छापल्याचे वर्ष द्यावे, आणि ती मान्य, त्यागलेल्या, लपवलेल्या की अपूर्ण कवितांतली ते एका शब्दात सांगावे. चार शब्दांपैकी एक शब्द. सावीदिस यांनी तीस वर्षे खपून तो शब्द देण्याची सोय करून ठेवली आहे.